दुकान वाढवायचं ठरलं

४ मार्च

चि. भिंगरीस,

मामा-मामीचे अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आपल्या जुन्या बाजाराच्या पुनरुज्जीवनाची योजना तुझ्याच टेबलावर आली, हे मी समोरच्या घड्याळजीच्या दुकानात जाऊन मोठ्याने वाचून दाखवलं. त्याने डोळ्याचं भिंग न काढता विचारलं, की पुनरुज्जीवन म्हणजे बाजार आधी मेला असं धरून चाललेत का. मी म्हटलं, माझी भाची आहे, नाडी बघूनच औषध देईल. त्यावर तो म्हणाला की लहानपणी तिने माझं गजराचं घड्याळ उघडलं होतं, ते अजून लागलेलं नाही. तेव्हा सांभाळून.

बाजाराचं काय सांगू? तू गेलीस तेव्हा होता, त्याहून थकलाय. मधलं गटार तुंबलं की दोन्ही बाजूंची दुकानं दारात फळी टाकून बसतात. लोकांना चौकटीत बसवलेले तयार आरसे बाहेरच्या रस्त्यावरच्या मोठ्या दुकानात मिळतात. आमच्याकडे आता येतात ते कोपरा उडालेला आरसा छोटा करून घ्यायला. म्हणजे मी काच विकत नाही, कमी करतो.

काल एक मोठी काच वाढली. कपाटाच्या दारासाठी घेतलेली. काच कापायची हिरकणी सरळ चालली होती आणि शेवटच्या वितीला आडवी गेली. तुकडे गोळा करताना मामीने झाडू माझ्या हातातून काढून घेतला, त्यावरून प्रकरण गंभीर आहे हे मी समजलो.

जिन्याखालची काजवाली तुझी फार आठवण काढते. तुझ्या शाळेच्या कपड्यांना तिने जेवढी बटणं लावली तेवढी अख्ख्या गावाला लावली नसतील, असं तिचं म्हणणं आहे. अजून तिथेच बसते. मशीन, स्टूल आणि ती, चौथ्याला जागा नाही. दुपारी मामी खाली उतरते, पायरीवर बसते आणि दोघी मिळून बाजारातल्या सगळ्यांची उणीदुणी काढतात. माझीही काढत असणार, कारण मी बाहेर आलो की गप्प होतात.

बरं, आता दुकान वाढवायची वेळ झाली. घड्याळजीने वाढवलंसुद्धा, फळ्या लावल्याचा आवाज आला. अक्षर वाकडं आलंय. टेबल हलतंय, असं समज. लोभ आहेच, तो वाढता ठेव.

तुझा मामा

ता. क. टेबल हलत नाही. – मामी


१५ मार्च

ती. स्व. मामा व मामी यांस,

भिंगरीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून हसले. टेबलाचा पाय मी आले की नीट करून देईन, तोवर खाली पुठ्ठा घाला. मामींना म्हणावं, नवऱ्याच्या बाजूने एकदा तरी बोला.

आता कामाचं. योजना थोडक्यात अशी: जुन्या बाजाराच्या तिन्ही गल्ल्यांत गाड्या बंद, गटार जमिनीखाली, दोन्ही बाजूंना सावलीची फरसबंद वाट. आपली रांग उतरवून त्याच जागी नवे गाळे बांधायचे, वर राहायच्या खोल्या. ज्याला मोठा गाळा हवा त्याला मोठा मिळेल. नकाशे काढताना मी डोळे मिटून गल्लीतून चालून बघते. कुठे उतार आहे, कुठे ठेच लागते, सगळं पायांना पाठ आहे. कचेरीत इतर कुणाच्या पायांना ते पाठ नाही, म्हणून मी थोडी मिरवतेही.

पण एक धोका आहे, तो तुमच्यापासून लपवत नाही. आमचे साहेब म्हणतात, जो बाजार स्वतःच मावळायला निघालाय त्यावर कुणी योजना मंजूर करत नाही. दुकानदारांना पुढे जायचंय असं दिसलं तरच ही योजना टिकेल. नाही तर दुसरा प्रस्ताव तयारच आहे, रस्ता रुंद करायचा. त्यात आपली रांग जाते, वरच्या घरांसकट.

म्हणून सगळ्यांत आधी तुम्हालाच विचारते. तुम्ही हो म्हणालात की रांग हो म्हणते, हे मला माहीत आहे. मामा, दुकान वाढवायचा विचार आहे का? संकोच करू नका, मनात असेल ते लिहा. आमच्याकडची मुलं पाहणीला घरोघर येतील, तीही हेच विचारतील. हा प्रश्न कागदावर मीच घातला आहे, तोही सोप्या बोलीत, नाही तर साहेबांना तिथे ‘विस्तारेच्छा’ असा शब्द हवा होता.

लगेच उत्तर पाठवा. लोभ आहे तसाच असू द्यावा.

तुमची भिंगरी


२६ मार्च

चि. भिंगरीस,

अ. उ. आ. वि. वि.

तू विचारलंस, आणि मी पत्र घेऊन तडक वर गेलो. मामीने तुला कळवलं असेल म्हणून तिला खोदून विचारलं, ती साफ नाकारते. कसंही असो, तू मनातलं ओळखलंस. माझ्या तोंडून तो शब्द निघत नव्हता. तू विचारलंस म्हणून निघाला.

हो. दुकान वाढवायचं ठरवलं.

एक मन म्हणतं अजून थोडं थांबावं, पण ते मन दर वर्षी तेच म्हणतं. मामीला हलकं वाटतंय, दोनदा स्वतःहून चहा दिला. घड्याळजीला सांगितलं तर तोही म्हणाला, तू वाढवणार असशील तर मीही वाढवतो, एकट्याने समोर बघत बसायचं ते कुणाकडे. मग टोपीवाला, मग पुस्तकं बांधणारे दोघे भाऊ. जो तो जणू दुसऱ्याने आधी बोलावं म्हणूनच थांबला होता.

तुझी मुलं परवा येऊन गेली. घरंदाज वाटली. विषय नाजूक, पण मान खाली घालून, नीट शब्द वापरून विचारलं. आम्ही सगळ्यांनी हो सांगितलं. काजवाली मात्र भडकली. उभी राहून म्हणाली की मी मुळीच वाढवणार नाही, हातपाय चालतायत तोवर नाही, आणि पुन्हा असलं विचारायला आलात तर कात्री घेऊन मागे लागेन. त्या पोराने मुकाट्याने लिहून घेतलं. मला तिचा अभिमान वाटला. आमच्या रांगेत एक तरी माणूस असा असावा.

माझं एकच मागणं आहे. नव्या इमारतीत तिला तिचा जिना मिळू दे. बाकी तू आहेस, म्हणून मला घोर नाही. लोभ धरलास तसाच धरून राहा.

तुझा मामा


९ एप्रिल

ती. स्व. मामा व मामी यांस,

शि. सा. नमस्कार. वि. वि.

मामा, तुम्ही कमाल केलीत! जवळजवळ सगळी रांग दुकानं वाढवणार! पाहणीचे कागद आले तेव्हा साहेबांनी ते दोनदा चाळले. म्हणाले, इतका उमेदीचा जुना बाजार त्यांनी पाहिला नव्हता. कालच्या सभेत योजना मंजूर झाली. रस्तारुंदी बारगळली. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं आणि मला मात्र त्या वेळी तुमच्या दुकानातला, काचा बसवायच्या पुटीनचा वास येत होता.

सोबत नकाशा पाठवते. कोपऱ्यातला पहिला गाळा बघा. तुमचा आहे, आत्ताच्या दुप्पट. पुढे जमिनीपासून छतापर्यंत काच, मागे कापायचं मोठं टेबल, जे हलणार नाही. नकाशावर नाव मी स्वतः लिहिलंय.

काजवाली मावशींचं मात्र मला नवल वाटलं. एवढी संधी दारात आली आणि त्यांनी नको म्हणून सांगितलं, तेही कात्री दाखवून. नियमाप्रमाणे ज्यांना वाढ नकोय त्यांची सोय गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत होणार आहे. तशी नोटीस त्यांना मिळेल. तुम्ही त्यांचा जिना मागितलात, पण ती जागा तुमच्या गाळ्यात आली आहे, त्याशिवाय दर्शनी बाजू सरळ होत नव्हती. त्यांना वाईट वाटेल, पण तिकडे उजेड भरपूर आहे, असं समजावून सांगा. तुमचं ऐकतील.

मी आज फार आनंदात आहे. आई असती तर तिला हे पत्र आधी लिहिलं असतं. लोभ असावा, नव्या गाळ्याएवढा वाढावा.

तुमची भिंगरी


२० एप्रिल

चि. भिंगरीस,

अ. आ.

नकाशा मिळाला. आधी वाटलं तू थट्टा करतेस. मग मामीने तुझं पत्र वाचलं आणि नकाशा उलटा करून ठेवला.

अगं, तू या घरात लहानाची मोठी झालीस. रोज संध्याकाळी जिन्यातून हाक कोण मारायचं, दुकान वाढवा आणि जेवायला चला म्हणून? तूच ना? आपण दुकान बंद केलं असं म्हणतो का कधी? काच फुटली म्हणतो का? एकदा तू आरसा फुटला म्हणालीस तेव्हा मामीने पाठीत धपाटा घातला होता. काच वाढली म्हणायचं, दुकान वाढवलं म्हणायचं. वाईट शब्द तोंडातून काढायचा नाही, एवढंच.

मी दुकान बंद करायचं ठरवलं होतं. कायमचं. घड्याळजीने तेच, टोपीवाल्याने तेच. आम्ही सगळ्या म्हाताऱ्यांनी तुझ्या मुलांना सांगितलं की आता पुरे झालं. तुम्ही त्याची उमेद केलीत.

आणि जिने दुकान चालू ठेवणार म्हणून सांगितलं, तिला तुम्ही बाहेर काढलंत. तिच्या जागेवर माझी काच येणार.

टेबल हलत नाही, भिंगरी. हात हलतो. गेल्या पावसाळ्यापासून. हिरकणी या अक्षराइतकीही सरळ जात नाही. तू विचारलंस तेव्हा मला वाटलं, पोरीने अक्षर बघून ओळखलं आणि किती अदबीने विचारलं. मला भरून आलं होतं.

काजवालीने नोटीस माझ्याकडे वाचायला आणली होती. मी चष्मा वर राहिलाय असं सांगितलं. ती म्हणाली, सावकाश वाचा, घाई नाही. तो कागद माझ्या गल्ल्याखाली आहे आणि मी जिन्याकडे पाठ करून बसतो.

माझं दुकान गेलं तरी चालेल, ते जाणारच होतं. तिची जागा तिला परत दे. बाकी काही मागत नाही.

मामा


३ मे

ती. स्व. मामा यांस,

शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं त्या दिवशी मी कचेरीत बसून ते वाचलं. मला सगळं माहीत होतं, मामा. शब्द माहीत होता, धपाटासुद्धा आठवतो. कागदावर प्रश्न लिहिताना मात्र मला त्याचा एकच अर्थ सुचला, कारण इथे कुणी दुकान वाढवत नाही, सगळे बंदच करतात.

साहेबांना जाऊन सांगितलं. आधी ते हसले. मग उठून दार लावलं. म्हणाले, रांगेला दुकानं बंद करायची आहेत असं आता सभेपुढे गेलं तर योजना जाते आणि रस्तारुंदी परत येते. मग दुकानंही जातात आणि डोक्यावरची छपरंही. मी म्हटलं, निदान एका बाईचं उत्तर तरी दुरुस्त करू द्या. तर म्हणाले, एक उत्तर दुरुस्त केलं की बाकीच्यांची का नाही, असं कुणीतरी विचारणारच. शिवाय जिन्याखालची जागा दप्तरी दुकान म्हणून नोंदलेलीच नाही.

नंतर सभा होती. अध्यक्षांनी विचारलं, पाहणीबद्दल कुणाला काही सांगायचंय का. मी गप्प बसले. तुमच्या आणि मामींच्या खोल्यांसाठी गप्प बसले असं मी स्वतःला सांगते, आणि ते खरंही आहे. पण मला भीतीही वाटली, मामा. माझं नाव त्याच लोकांसमोर घेतलं गेलं होतं.

गाळा तुम्ही सोडू नका. त्यात तुम्ही कुणाला मदतनीस म्हणून बसवलं तर नियम आड येत नाही. मावशींना तिथे बसवा. इमारत उभी राहीपर्यंत त्यांनी कसंही करून थांबावं. मी शक्य तेवढी घाई करते.

मामींना माझ्याशी बोलायला सांगा. त्यांनी या वेळी ता. क. लिहिला नाही. लोभ मागायची हिंमत नाही, तरी मागते.

भिंगरी


१२ ऑगस्ट

चि. भिंगरीस,

अ. आ. वि. वि.

आम्ही गोदामामागच्या भाड्याच्या खोलीत आलो आहोत. भिंतीला ओल आहे, पण शेजारी बरे आहेत.

काजवालीला मी अखेर सगळं सांगितलं. गाळ्याचं आणि मदतनीसाचंही सांगितलं. ती मामीला म्हणाली की इतकी वर्षं एका पायरीवर बसलो आणि तुमच्या भाचीला माझं बोलणं कळलं नाही. दोघींचं बोलणं तिथे तुटलं. गावाबाहेरच्या वसाहतीत ती एकदा जाऊन आली. तिथे कपडे घालणारी माणसं राहायला यायची आहेत अजून. शेवटी हातगाडीवर मशीन टाकून पुतण्याच्या गावी गेली. स्टूल राहिलं, ते मी आणलं. आमच्या खोलीत त्याला जागा नाही, म्हणून मीच त्यावर बसतो.

रांग उतरवली. मी ठरवलं होतं, शेवटचा दिवस नीट करायचा. काउंटर पुसायचा, फळ्या एकेक करून लावायच्या आणि दुकान वाढवायचं, माझ्या वडिलांनी रोज वाढवलं तसं. पण माणसं सकाळीच आली आणि त्यांनी आधी फळ्याच काढून नेल्या. मी दुकान वाढवलं नाही, भिंगरी. ते उचलून नेलं.

आता माझा बेत ऐक. गाळा मी घेणार. पुढच्या काचेजवळ, उजेडात, तिचं स्टूल ठेवणार. हात हलतो तर हलू दे, काच न कापता नुसता उभा राहीन, पण पाटी लावीन आणि दुकान चालू ठेवीन. पुतण्याच्या पत्त्यावर तिला तसं पत्र टाकलंय. उत्तर नाही. रागावलीय, येईल. तू तुझी घाई चालू ठेव.

मामी बरी आहे. तुझं नाव काढत नाही, पण तुझा फोटो भिंतीवर लावताना ओल लागू नये म्हणून मागे पुठ्ठा तिनेच घातला. लोभ कमी झालेला नाही, एवढं लिहितो.

तुझा मामा


७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

मामीचे आशीर्वाद.

मी कधी अख्खं पत्र लिहिलेलं नाही, खालच्या कोपऱ्यातच लिहायची. आता ह्यांना लेखणी धरवत नाही म्हणून मी लिहितेय.

इमारत झाली. दोन पावसाळे त्या ओलीत काढले, मग वरच्या खोल्यांची आणि गाळ्याची किल्ली आली. तुझा नकाशा खोटा नव्हता. वाट फरसबंद आहे, सावली आहे, गटाराला वास नाही. दिवे फार सुरेख आहेत. गाळे मोठाले आहेत आणि आत कुणी नाही. घड्याळजी लेकीकडे गेला, टोपीवाला गेला, पुस्तकवाल्यांपैकी धाकटा आहे, तो अंथरुणाला खिळलाय. काचेतून आरपार दिसतं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रिकामं.

किल्ली आल्याबरोबर ह्यांनी पुतण्याला पुन्हा पत्र टाकलं. या वेळी उत्तर आलं. काजवाली मागच्या पावसाळ्यात गेली. पुतण्याने लिहिलंय की तिने मशीनवर झाकलेलं कापड शेवटपर्यंत काढलं नाही, कारण त्या गावात तिला कुणी काज करायला दिलंच नाही. ह्यांचं आधीचं पत्र तिने वाचून घेतलं होतं. म्हणाली होती, बघू.

मी त्या दिवशी जेवले नाही. तिचं माझं बोलणं तुटलं होतं ते तसंच राहिलं.

तुला स्पष्ट सांगते, मी तुझ्यावर रागावलेय. ह्यांच्यावरही. ह्यांनी ती नोटीस गल्ल्याखाली ठेवली नसती तर ती स्वतः सभेत कात्री घेऊन उभी राहिली असती. तू गप्प बसलीस, हे गप्प बसले, आणि ओरडली ती एकटीच, तर तिचंच चुकीचं लिहून घेतलं. तुझ्यावर माझा जीव आहे, तो रागाने जात नाही, म्हणून हे लिहिते.

पुतण्याचं पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी ह्यांनी कपडे केले आणि म्हणाले, चल, दुकान उघडायचंय. मला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. स्टूल घेऊन गेलो. ह्यांनी काच पुसली, स्टूल पुढे उजेडात ठेवलं, त्यावर कुणी बसायचं नाही म्हणाले आणि स्वतः दिवसभर उभे राहिले. गिऱ्हाईक आलं नाही. एक बाई आली ती रस्ता विचारून गेली. संध्याकाळी ह्यांनी नसलेला काउंटर पुसल्यासारखा हात फिरवला आणि दाराशी गेले. तिथे फळ्या नाहीत, बटण आहे. हात थरथरत होता, त्यामुळे ते पत्र्याचं दार खाली यायचं, थांबायचं, पुन्हा वर जायचं. पहारेकरी मदतीला आला, त्याला ह्यांनी हातानेच थांबवलं. खूप वेळ लागला, पण लावलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, वाढवलं. त्या दिवसापासून दुकानात गेले नाहीत. खिडकीशी बसतात.

दुसऱ्या दिवशी मी स्टूल आणायला गेले तर दारावर छापील कागद चिकटवलेला, ‘बंद’. माझ्या आयुष्यात आमच्या दारावर तो शब्द लागला नव्हता. मी पहारेकऱ्याला म्हटलं, बाबा, हे काढ, दुकान बंद नाही केलेलं, वाढवलंय. पोरगा चांगला होता, लगेच कागद काढू लागला. काढता काढता त्याने आनंदाने विचारलं, की हो का आजी, कुठे वाढवलंय?

याचं उत्तर तुला सुचलं तर कळव.

गाळ्याची किल्ली याच पाकिटात घातली आहे. लोभ असावा. वाढावा, असं मात्र लिहीत नाही.

मामी